तिसऱ्या दिवसाचं बाड

लॉरेल फोर्क, ओहायो
रविवार, १३ मार्च १९९४

चि. एमेट,

या आठवड्यात आलं ते असं. अपील कोर्टाच्या निकालाची नक्कल, अकरा पानं, पानाला पंचवीस सेंट, म्हणजे दोन डॉलर पंचाहत्तर. नकलेवर खरेपणाचा शिक्का मारायचा एक डॉलर. वाटाण्याचं बी, एक डॉलर दहा, मागच्या वर्षीपेक्षा पंधरा सेंट जास्त आणि पुडी मात्र लहान. चर्चच्या बायकांनी पाठवलेलं जोंधळ्याच्या काकवीचं अर्धं मडकं, त्याला पैसे नाहीत. तुझं पत्र नाही.

निकाल तुला प्रुइट वकिलांनी कळवला असेलच. मंगळवारी, आठ तारखेला लागला. तिन्ही न्यायाधीशांचं एकमत. खालच्या कोर्टाचा निकाल कायम, गिरणीला आग लावल्याबद्दलची शिक्षा कायम, सात ते पंचवीस वर्षं. मी तो दोनदा चष्मा लावून वाचला आणि एकदा चष्मा काढून, कारण तेव्हा काचा ओल्या झाल्या होत्या. अकरा पानांत तुझं नाव फक्त पहिल्या पानावर आहे. पुढे सगळीकडे तू 'अपीलकर्ता'. मी एकदाच आहे, सहाव्या पानावर, 'अपीलकर्त्याची आई'.

कोर्टाकडे पाठवलेल्या कागदांत काही कमी होतं असं त्यात लिहिलं आहे. वकील बघून सांगणार आहेत. तू त्याचा विचार करू नकोस.

इकडे सगळं ठीक. वरच्या मळ्यातलं कुंपण तुझ्या वडिलांनी घातलं तेवढं अजून सरळ आहे, तू घातलेलं जरा झुकलंय, पण उभं आहे. पावाच्या कडा मी अजून कापून डब्यात साठवते. चार वर्षं तू त्या टॅकेटच्या लाकूड कापायच्या गिरणीवरच्या कुत्र्यासाठी, रस्टीसाठी न्यायचास आणि मी कुरकुरायची, की या कडांची चांगली खीर झाली असती. आता रस्टी नाही, तू नाहीस, तरी हात सुरी फिरवतोच. पक्ष्यांना टाकते.

नेहमीप्रमाणे सोबत तिकीट लावलेलं पाकीट आहे. हे एकोणिसावं.

तुझी आई

*

ईस्टर रविवार, ३ एप्रिल

चि. एमेट,

प्रभू उठला आहे. सकाळी डोंगरावरच्या प्रार्थनेला गेले होते. थंडी एवढी की कर्णावाल्याचे ओठ धातूला चिकटायची वेळ आली. तुझी जागा मी बाकावर रिकामी ठेवते. आज टॅकेटची सून चुकून तिथे बसायला आली. मी म्हटलं, "इथे कुणीतरी बसतं." ती म्हणाली, "कोण?" मी गाण्याचं पुस्तक उघडलं.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट अर्धीच लिहिली. आजच्या दिवशी ती तशीच ठेवणं बरं नाही.

कमी होतं ते तिसऱ्या दिवसाचं बाड. खटला पाच दिवस चालला. स्टेनोनं रोजचं बोलणं टिपून घेतलं आणि अपिलासाठी ते टाइप करून मागवायचं होतं, पानाला दोन डॉलर. पाच दिवसांची मिळून सहाशे अकरा पानं. प्रुइट म्हणाले होते, "एमेट आत आहे, कमाई नाही. त्याला गरिबीच्या अर्जावर सही करू दे, सरकार सगळी पानं फुकट देईल." मीच नको म्हटलं. तुझे आजोबा मंदीच्या दिवसांतही कौंटीच्या पिठासाठी रांगेत उभे राहिले नाहीत, आणि क्लाइनांच्या मुलाचं नाव मी गरिबांच्या यादीत घालू? वासरू विकलं आणि पैसे मी भरते म्हणाले. मग आकडा बघितला, बाराशे बावीस. मी विचारलं, सगळेच दिवस लागतात का? तिसऱ्या दिवशी गिरणीची आग तपासणारा अधिकारी होता आणि मी होते, बाकी कुणी नाही. ते एक सोडलं तर दोनशे छत्तीस वाचतात. वकील म्हणाले, बहुतेक नाही लागणार, कारण सरकारी वकिलाचं शेवटचं भाषण पाचव्या दिवसाच्या बाडात आहेच.

आता कोर्ट म्हणतं, सरकारी वकिलानं आईला विचारू नये तो प्रश्न विचारला, त्यावर हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती नामंजूर केली, हे सगळं झालं असेल तर तिसऱ्या दिवशी. ते पान आमच्यापुढे नाही. पुढे नसलेल्या पानावर सगळं कायद्याप्रमाणेच झालं असं आम्हाला धरून चालावं लागतं. त्यांचा नियमच तसा आहे. ते साक्षीदाराला परत बोलवत नाहीत, कुणाचा चेहरा बघत नाहीत. कागद बोलेल तेवढंच.

म्हणजे दोनशे छत्तीस डॉलर वाचवले ते मी. त्या पैशांत हिवाळ्याचं सरपण आलं. ते जळताना मला ऊब लागली नाही असंही म्हणवत नाही, लागली.

विसावं पाकीट सोबत आहे.

आई

*

रविवार, २४ एप्रिल

चि. एमेट,

बुधवारी प्रार्थनेनंतर प्रुइट वकील घरी आले. तब्येत उतरली आहे, डाव्या कानानं आता काहीच ऐकू येत नाही. मी त्यांच्या उजवीकडे खुर्ची ओढली. मक्याचा पाव आणि काकवी पुढे ठेवली तर म्हणतात, "क्लाइनबाई, हा फुकट आहे ना, की तुकड्याला दोन डॉलर?"

मी म्हटलं, "वकीलसाहेब, तुम्हाला थट्टा सुचते."

"मला रडता येत नाही हो, बत्तीस वर्षं वकिली केली." मग पाव तसाच ठेवून म्हणाले, "अजून एक दार आहे. अपील नीट चालवलं गेलं नाही म्हणून परत उघडा, असा अर्ज करता येतो. निकालापासून नव्वद दिवस. सहा जूनला सोमवारी कचेरी बंद व्हायच्या आत तो तिथे पोचला पाहिजे."

"नीट चालवलं नाही म्हणजे कुणी?"

"वकिलानं. मी."

"पण बाड नको म्हणाले ती मी."

"तुम्ही नको म्हणाला नाहीत, लागेल का विचारलंत. मी म्हटलं, बहुतेक नाही. 'बहुतेक' म्हणायला वकील कशाला लागतो? ते शेजारीणही सांगते."

कोलंबसहून सरकारी बचाव वकीलबाई हा अर्ज तुझ्यासाठी फुकट करणार आहेत. प्रुइट स्वतःविरुद्ध प्रतिज्ञापत्र लिहून देणार. मी म्हटलं, तुम्ही चर्चचे विश्वस्त, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, "विश्वस्त आहे म्हणूनच दुसरं काही लिहिता येत नाही." अर्जाला तिसऱ्या दिवसाचं बाड जोडावं लागेल. आणि तुझं शपथेवरचं निवेदन, तिथल्या नोटरीपुढे सही केलेलं. त्याशिवाय अर्ज उभाच राहत नाही.

ते सगळं सांगून झालं तरी वकील उठेनात. टोपी मांडीवर फिरवत बसले. मी म्हटलं, अजून काय आहे ते बोला. तेव्हा सांगितलं, की निवेदनाचा कागद तुला पंधरा दिवसांपूर्वीच पाठवला होता आणि तो तू कोरा परत केलास, खाली एक ओळ लिहून. ओळ मी त्यांच्याकडून मागून घेतली. ही बघ, माझ्यासमोर आहे, तुझंच अक्षर, तोच उलटा झुकणारा 'न':

'त्या दिवशी आई काहीच बोलली नाही. काहीच नाही ते विकत कशाला घ्यायचं?'

दीड वर्षात तुझं आलेलं हे पहिलं अक्षर. माझ्या नावावर नव्हतं, तरी मी ते बायबलमध्ये ठेवलं आहे.

आई

*

रविवार, ८ मे

एमेट,

आज मदर्स डे. चर्चमध्ये प्रत्येक आईला एक कार्नेशनचं फूल देतात. मी घेतलं, आणि उठताना तुझ्या जागेवर ठेवून आले.

दोनशे छत्तीस डॉलरची गोष्ट मी तुला ईस्टरला लिहिली ती खरी आहे, पण ती पूर्ण नाही. वासराचे पैसे उरले होते. मी ते बाड सोडलं कारण त्यात मी होते.

मला परत ते वाचायचं नव्हतं. आणि तीन अनोळखी न्यायाधीशांनी कोलंबसच्या रस्त्यावरच्या कुठल्यातरी खोलीत बसून ते वाचावं हेही नको होतं. तुला ते आठवतं. ऑगस्टचा महिना, न्यायाधीशांच्या मागे तो मोठा पंखा घरघरत होता, माझ्या मांडीवर पाकीट. सरकारी वकिलानं आधी, आगीच्या रात्री तू घरी कधी आलास ती वेळ विचारली. मी सांगितलं, जाळीचं दार वाजलं तेव्हा घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तू पोलिसांना अकरा सांगितलं होतंस. बायबलवर हात ठेवून मी दुसरं काही सांगू शकत नव्हते, एमेट, आणि आजही सांगणार नाही. पण तू अकरा का म्हणालास तेही मला माहीत आहे. पोलिसांनी तुला माझ्या स्वयंपाकघरात विचारलं आणि मी शेगडीशी उभी होते. तू त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून अकरा म्हणालास. नवीन वर्षाला मीच म्हटलं होतं ना, तोंडाला दारूचा वास आला तर या दाराच्या आत यायचं नाही. तू नदीपलीकडच्या बारमध्ये होतास. ते तू वकिलांना सांगेपर्यंत महिना उलटला आणि बारवाल्याला रात्र आठवेना. टॅकेटनं तुला आदल्या शुक्रवारी कामावरून काढलं होतं, तू चारचौघांत त्याला बोलला होतास, तेवढं सगळ्यांना आठवत होतं. तुला भीती पोलिसांची नव्हती, माझी होती. हे मी कुणापुढे म्हटलेलं नाही. पास्टरांपुढेही नाही.

मग सरकारी वकिलानं तो दुसरा प्रश्न विचारला, की तुम्ही आई आहात, तुम्हाला काय वाटतं, हे त्यानं केलं का? प्रुइट उभे राहिले, न्यायाधीशांनी त्यांना बसवलं आणि मला म्हणाले, उत्तर द्या. मनात एकच गोष्ट आली, ती तोंडापर्यंत आली की नाही मला सांगता येत नाही. मला दिसत होती फक्त तुझी मान. तू खाली बघत होतास. मग तो म्हणाला, माझं विचारून झालं. आणि पाचव्या दिवशी ज्युरीपुढे हात पसरून म्हणाला, "सख्ख्या आईला विचारलं, तिच्या तोंडून शब्द फुटला नाही." त्यानंतर तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बेड्या घालून नेलं तेव्हाही नाही.

तू कोरा कागद पाठवलास तरी मी शुक्रवारी बसनं कौंटीच्या गावी गेले, त्या स्टेनोकडे. ओलिंगरबाई. आता निवृत्त झाल्या आहेत, न्हाव्याच्या दुकानावर राहतात. त्यांच्याकडे बुटांच्या खोक्यांत कागदाच्या घड्या, त्यांवर त्या मशीनची खुणांसारखी अक्षरं, प्रत्येक खोक्यावर तारीख.

मी म्हटलं, "मला एकच दिवस हवा आहे. बारा ऑगस्ट, ब्याण्णव."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "एवढ्या दिवसांनी कुणीतरी तो मागितला म्हणायचा."

"का हो?"

"मी वाट बघत होते. चार दिवस मागवले, मधला एक नाही. दात काढल्यासारखं दिसतं ते."

"त्या दिवशी मी बोलले नाही," मी म्हटलं. "तिथे काय लिहिता तुम्ही? कोरी ओळ सोडता?"

"क्लाइनबाई, माझं टेबल तुमच्या गुडघ्याला लागलं होतं. कुणी शिंकलं तर तेवढं मी सोडते." आणि टाइपरायटरवरचं आवरण काढत म्हणाल्या, "दोन आठवडे लागतील. बोटं पूर्वीची राहिली नाहीत. अर्धे पैसे आता द्या, आणि काळजी असेल तर पावती मागा, तुम्ही मागणारच."

मी मागितली.

आई

*

रविवार, २२ मे

माझ्या एमेटा,

बाड काल आलं. पान दोनशे एक्कावन्न ते तीनशे अडुसष्ट. बाकीचे एकशे अठरा डॉलर मी पोस्टमनच्या हाती दिले आणि पैसे मोजून झाले का हेही विचारलं नाही.

दुपारभर ते टेबलावर तसंच ठेवलं. वाटाणे सोलले, शेगडीची राख काढली, गुडघे टेकून प्रार्थना केली. मग उघडलं. आग तपासणारा अधिकारी नव्वद पानं बोलला आहे. पहारेकरी म्हातारा कॉय खिडकीतून निघाला, त्याचे हात भाजले. कुत्रं मागच्या खांबाला साखळीनं बांधलेलं होतं, ते तिथेच सापडलं. हे सगळं त्यानं फुटांत आणि इंचांत सांगितलं आहे.

पान तीनशे पंचावन्नची नक्कल सोबत पाठवते आहे. पंचवीस ओळींचं पान असतं. नवव्या ओळीपासून वाच. तुला ते पान उघडवलं नाही तर म्हणून मी इथेही उतरवून काढते, जसंच्या तसं:

'प्रश्न: तुम्ही आई आहात. तुम्हाला काय वाटतं? हे त्यानं केलं का?
श्री. प्रुइट: हरकत आहे.
न्यायालय: हरकत नामंजूर. साक्षीदारानं उत्तर द्यावं.
साक्षीदार: त्यानं आधी कुत्रं सोडलं असतं.
प्रश्न: माझं विचारून झालं.'

मी ते उभ्यानं वाचलं आणि मग खाली बसले. एमेट, मला वाटत होतं ते मी मनात म्हटलं. मी ते म्हटलं होतं.

आज चर्चमधून येताना रस्त्यावरच्या फोन बूथमधून ओलिंगरबाईंना फोन लावला. मी म्हटलं, "तुम्हाला हे पावणेदोन वर्षं माहीत होतं?"

"होतं."

"सरकारी वकील ज्युरीपुढे म्हणाला, शब्द फुटला नाही. तेव्हा तुम्ही तिथेच बसला होतात."

"बसले होते, आणि त्याचं तेही घेत होते," त्या म्हणाल्या. "माझं काम बोलायचं नाही, घ्यायचं. कुणी म्हटलं असतं, परत वाचून दाखवा, तर मी मोठ्यानं वाचलं असतं. कुणी म्हटलं नाही हो. त्या पंख्यात कुणाला ऐकूच गेलं नव्हतं."

प्रुइटना पान दाखवलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माझा डावा कान तुमच्या बाजूला होता." नंतर वकिलासारखे बोलले. प्रश्न चुकीचा होता ही एक गोष्ट. पण आईनं उत्तर दिलेलं असताना सरकारी वकिलानं ज्युरीला दिलं नाही असं सांगितलं, ही त्याहून मोठी. कोलंबसच्या वकीलबाईंना त्यांनी फोनवर पान वाचून दाखवलं, तर त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. उद्या निकाल बदलेलच असं कुणी म्हणत नाही. न्यायाधीश तेच तिघे. पण या वेळी पान त्यांच्यापुढे असेल.

आता राहिली आहे ती तुझी सही. निवेदनाचा कोरा कागद परत पाठवते आहे, पिवळ्या खुणेपाशी नोटरीपुढे सही करायची. सत्तावीसपर्यंत तिथून निघाला तर तीसची सरकारी सुट्टी धरूनही वकीलबाईंकडे दोन तारखेला पोचतो. मी टपालाचे दिवस दोनदा मोजले आहेत. या वेळी पाकिटावर तिकीट साधं लावलं नाही, दोन डॉलर नव्वदचं लावलं आहे, लवकर जाणारं. मला ते जास्त वाटलं नाही.

निवेदनात काय लिहायचं ते वकीलबाई सांगतील. आई चुकली असं लिहावं लागलं तर लिही. गरिबीचा अर्जही त्यात आहे, त्यावरही सही कर. तुझे आजोबा मला विचारतील तेव्हा मी उत्तर देईन.

तू सुटून आलास तर कुठल्याही वासानं आलास तरी दार उघडं आहे. जाळीच्या दाराचा खिळा मी बदललेला नाही, ते अजून तसंच वाजतं. घड्याळ मात्र स्वयंपाकघरातून काढून पुढच्या खोलीत लावलं.

पावाच्या कडा कालपासून डब्यातच ठेवते आहे, पक्ष्यांना टाकत नाही. कशासाठी ते मला विचारू नकोस. टॅकेटनं नवीन गिरणी बांधली आहे, तिथे एक पिल्लू आणलंय, बांधूनच ठेवतात.

सही तू करशीलच असं मी धरून चालत नाही. पण साक्षीच्या पिंजऱ्यापासून तू दोन हातांवर होतास, मान खाली घालून. 'काहीच बोलली नाही' असं तू लिहिलंस, तरी तुला त्या दिवशी ऐकू आलं होतं का, तेवढं तरी उलट टपाली कळव.

तुझी आई,
व्हर्ना क्लाइन